सरासरीत राहणारी माणसं

चंद्रपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये. पारा ४५ च्या वर गेला की आम्ही फक्त दुपट्टा जरा घट्ट बांधतो. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, खिशात कांदा, माठात वाळा, खिडकीत रात्रंदिवस धडधडणारा कूलर. नवतपा लागला की आई आम्हाला उंबरठा ओलांडू द्यायची नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला स्थायिक झाल्यावर भर जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, कूबर पीडी या वाळवंटातल्या खाणगावाला जायचं ठरवलं, तेव्हा इथले सहकारी "हिवाळ्यात जा ना" म्हणत होते, ते मी कानाआड केलं. मला ते गाव उन्हाळ्यातच बघायचं होतं. हिवाळ्यातला वाघ बघायला ताडोबात कशाला जायचं, तसलंच काहीसं.

कूबर पीडी ॲडलेडच्या उत्तरेला साडेआठशे किलोमीटरवर. पोर्ट ऑगस्टाला समुद्राचा शेवटचा फाटा मागं पडतो आणि पुढचे पाचशे चाळीस किलोमीटर स्टुअर्ट महामार्ग एकटा पडतो. ग्लेंडँबो सोडल्यावर अडीचशे किलोमीटर पेट्रोलपंप नाही. झाडं आधी खुजी होतात, मग झुडपं होतात, मग तीही लाजेकाजेपुरती उरतात. गाव जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारे पांढुरके ढिगारे, मिठागरातल्या मिठाच्या राशींसारखे, क्षितिजापर्यंत. प्रत्येक ढिगाऱ्याशेजारी एक उघडा खड्डा. उलट्या पावली चालू नका, अशा अर्थाच्या पाट्या जागोजागी लावलेल्या आहेत, त्यावर खड्ड्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र. फोटो काढता काढता मागं सरकणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच ती पाटी असणार.

गाडीतून उतरलो तेव्हा गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान ४४ होतं. आकड्यानं मला काही वाटलं नाही. वाटलं ते कोरडेपणाचं. घाम येतो, पण तो दिसायच्या आत उडून गेलेला असतो. ओठ तासाभरात फुटतात. नाकाच्या आत टोचायला लागतं. आणि माशा! डोळ्यांच्या कडांशी, ओठांच्या कोपऱ्यांत, जिथं म्हणून ओल असेल तिथं त्या हजर. इथले लोक टोपीवरून जाळी सोडून फिरतात ते फॅशन म्हणून नाही. त्या माशांना पाणी हवं असतं आणि त्या मुलखात दुपारी उघड्यावर असलेलं पाणी म्हणजे माणसाचा चेहरा.

पण खरा फरक मला संध्याकाळी कळला. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे वाट पाहणं असतं. रोहिणी तापल्या की बरं, मग मृग चांगला लागतो, हे आजीपासून ऐकलेलं. चंद्रपुरात मे महिन्यात माणूस जे सोसतो, ते जून समोर दिसत असतो म्हणून. बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आमच्याकडे. इरई दुथडी वाहते आणि दोन महिन्यांपूर्वी भेगाळलेली जमीन पायाला चिकटायला लागते. कूबर पीडीच्या उन्हाळ्यापुढं काहीच उभं नाही. जानेवारीतलं कमाल तापमान सरासरी ३६-३७, त्यात पंचेचाळिशी ओलांडणारे दिवस नवलाचे नाहीत, आणि मार्च-एप्रिलात ते हळूहळू उतरतं. उतरतं, बस्स. जुलैच्या रात्री पाच-सहा अंशांपर्यंत खाली जातं. पाऊस वर्षाला साधारण दीडशे मिलिमीटर, म्हणजे मुंबईत एका वाईट दिवशी पडतो त्याहूनही कमी, आणि त्यालाही ऋतू नाही. एखाद्या वर्षी सगळा कोटा दोन दिवसांत उरकतो, एखाद्या वर्षी निम्माही होत नाही.

याचं कारण नकाशात आहे. गाव बरोबर २९ अंश दक्षिण अक्षांशावर. विषुववृत्ताजवळ वर चढलेली हवा आपला पाऊस तिथंच सांडून मोकळी होते आणि तिशीच्या अक्षांशाजवळ खाली उतरते. उतरताना दबते, तापते, आणखी कोरडी होते. जगातली बरीचशी वाळवंटं याच पट्ट्यात आहेत. वरून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचा मान्सून येतो तो इथवर पोचत नाही. खालून दक्षिण समुद्रावरची हिवाळी वादळं येतात, ती ॲडलेडला भिजवतात आणि इथं यायच्या आत दमतात. दोन पावसांच्या मधोमध बसलेलं गाव. दोघांनीही टाळलेलं.

मग माणसं इथं आली कशाला? सोनं शोधायला. १९१५ च्या फेब्रुवारीत हचिसन नावाच्या गृहस्थांची टोळी सोन्याच्या मागावर इथं तळ ठोकून होती. पाणी संपत आलेलं. चौदा वर्षांचा मुलगा विली पाणी शोधायला गेला आणि परत येताना ओपल या रत्नाचे तुकडे घेऊन आला. पुढं पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक आले. खंदकांत वर्षं काढलेली माणसं, त्यांना जमिनीत शिरून राहण्याचं अप्रूप नव्हतं. लाकूड नाही, विटा नाहीत, तंबूत भाजून निघायला होतं. टेकडीच्या कुशीत आडवं भोक पाडायचं आणि आत राहायचं. अशा घराला तिथं डगआउट म्हणतात. आजही गावातली निम्म्याच्या आसपास वस्ती अशा घरांत राहते.

आम्ही उतरलो तेही असंच घर. मालक सत्तरीपलीकडचे आजोबा, युगोस्लाव्हिया नावाचा देश होता तेव्हा तिथून आलेले, हात फावड्याएवढे. दरवाजातून आत गेल्यावर आधी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सांडपाणी नि धूर बाहेर काढायचा असतो म्हणून ही खोल्यांची जागा दर्शनी बाजूला, जिथं खिडकी काढता येते. मग बसायची खोली. आणि टेकडीच्या पोटात शेवटी झोपायच्या खोल्या. भिंती गुलाबी-पांढऱ्या, मधूनच गेरूच्या रंगाची नागमोडी रेघ. बोगदा खोदणाऱ्या यंत्राचे दात दगडावर फिरलेले स्पष्ट दिसतात, छतभर गोल गोल चरे. हात फिरवला तर भिंत गुळगुळीत लागते, कारण दगडाचा भुगा झडू नये म्हणून तिच्यावर डिंकासारखं पारदर्शक द्रावण मारलेलं असतं. पुस्तकांचं कपाट करायचं तर लाकूड आणायला नको, भिंतीतच कोनाडा कोरायचा. आजोबांनी सांगितलं की नातू झाला तेव्हा त्यांनी एक खोली वाढवली. गावाच्या हद्दीत खाणकामाला बंदी आहे, घर वाढवायला नाही. "मग घर वाढवताना ओपल सापडला तर?" मी विचारलं. ते नुसते हसले. गावात बरीच घरं गरजेपेक्षा मोठी आहेत म्हणतात.

झोपायच्या खोलीच्या छतात हातभर रुंदीची एक नळी वर टेकडीच्या माथ्यापर्यंत गेलेली. हवा खेळती राहावी म्हणून. तिच्यातून दुपारी उन्हाचा एक कवडसा फरशीवर उतरतो आणि जेवायच्या वेळेपासून चहाच्या वेळेपर्यंत वीतभर सरकतो. बाहेरच्या जगाची त्या खोलीत एवढीच हजेरी. दिवा घालवला की अंधार असा की डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय. सकाळ झाल्याचं घड्याळच सांगतं. आणि बाहेर ४४ असताना आत २४. पंखा नाही, कूलर नाही, एसी नाही. पहाटे उठून मी पायांवर पांघरूण ओढून घेतलं, भर जानेवारीत.

ही थंडी येते कुठून, हे मला आधी पुस्तकी माहीत होतं, पण त्या खोलीत पडल्या पडल्या ते पटलं. दगड उष्णता फार सावकाश आत सोडतो. दिवसाची तापणी आणि रात्रीची निववणी यांची लाट जमिनीत अर्धा मीटर जाईपर्यंत विरून जाते, त्याखाली दुपार आणि मध्यरात्र सारखीच. वर्षाची लाट जरा खोल जाते, पण काही मीटरवर तीही मंदावते आणि पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो. सात-आठ मीटर खाली उन्हाळ्याची जी काय थोडी ऊब पोचायची, ती वर हिवाळा लागल्यावर पोचते. म्हणजे दगड जानेवारीची दुपार आणि जुलैची पहाट दोन्ही ऐकून घेतो आणि वर्षाची सरासरी काढून ती खोलीत ठेवतो. २३ ते २५ अंश, बाराही महिने. वर तसा पारा दिवसभर क्वचितच टिकतो. वर उन्हाळ्याचे दिवस फार तापलेले, हिवाळ्याच्या रात्री फार गारठलेल्या. खाली मात्र माणसं सरासरीत राहतात.

माझे बाबा बल्लारपूरकडच्या भूमिगत खदानीत होते. आमच्या घरात 'खाली' या शब्दाचा अर्थ एकच होता. "बाबा खाली गेलेत" म्हटलं की आई जरा गप्प व्हायची. कोळशाच्या खाणीत खाली म्हणजे दमट, उकाड्याची हवा, छतातून ठिबकणारं पाणी, ते उपसणारे पंप, वायूची धास्ती, छताला दिलेले आधार. पाळी संपवून वर आले की बाबा खदानीच्या तोंडाशी थोडा वेळ नुसते उभे राहायचे. मे महिन्याचं ऊन असलं तरी उभे राहायचे. कूबर पीडीत याच्या नेमकं उलटं. तिथं वर म्हणजे कष्ट आणि खाली म्हणजे घर. आजोबा दुपारी खाणीवरून आले, दाराच्या आत पाऊल टाकलं आणि त्यांनी जो सुस्कारा सोडला, तो मला फार ओळखीचा वाटला. फक्त दिशा बदललेली.

आणि खोदून राहणं तर आपल्याला नवं नाही. सह्याद्रीत शेकडो लेणी आहेत. पण आपली माणसं कातळात शिरली ती उन्हापासून पळून नव्हे. भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने फिरता येत नसे, वर्षावासाला कोरडी जागा हवी असे. आणि पडणारं पाणी साठवायला लेण्यांच्या दारात टाकी खोदलेली दिसते. आपण कातळ फोडला तो पावसासाठी, यांनी फोडला तो पाऊस पडत नाही म्हणून.

अलीकडं कुणी ना कुणी उत्साहानं लिहीत असतं की पृथ्वी तापतेय, आता सगळ्यांनी कूबर पीडीकडून शिकावं. वाचून मला जरा चिडायला होतं. हे घर जमतं ते तिथला दगड हातोडीनं फुटण्याइतका मऊ आणि छत तोलण्याइतका पक्का आहे म्हणून, भूजल खूप खाली आहे म्हणून, आणि मुख्य म्हणजे पाऊस नाही म्हणून. कोकणातल्या जांभ्यात असं घर खोदा आणि जुलैत आत होडी घेऊन जा. चंद्रपुरात खोदा, पंप लावावा लागेल. शिवाय गावात सगळे खाली राहत नाहीत हे त्या लेखांत येत नाही. उमूना वस्तीतले मूळनिवासी, भाड्यानं राहणारे, सरकारी नोकरीवर आलेले, अशा कितीतरी जणांची घरं पत्र्याची किंवा विटांची, वरच. अंतकिरिंजा मतू-यांकुनित्जत्जारा लोकांचा हा मुलूख, २०११ मध्ये न्यायालयानं त्यांचा त्यावरचा हक्क मान्य केला. त्यांच्या पूर्वजांनी हा उन्हाळा भोकात शिरून नव्हे तर फिरत राहून काढला होता. पाण्याच्या जागा ठाऊक असणं हेच त्यांचं घर. आता एका जागी राहायचं तर एसीचं बिल भरायचं. खाली राहणाऱ्याला ऊन ही गंमत आहे. वर राहणाऱ्याला तो खर्च आहे.

वीज मात्र आता बरीचशी त्याच उन्हा-वाऱ्यातून येते. गाव राज्याच्या वीजजाळ्याला जोडलेलं नाही. पूर्वी सगळी वीज डिझेलवर. २०१७ पासून दोन पवनचक्क्या, सौर पटलं आणि बॅटरी मिळून सरासरी सत्तर टक्के गरज भागवतात. टेकडीवरून त्या पवनचक्क्या दिसतात. इतक्या उजाड जागी काहीतरी फिरताना दिसलं की बरं वाटतं.

पाण्याची गोष्ट जास्त जुनी आणि जास्त कष्टाची. सुरुवातीला पाणी उंटांवरून, मग गाड्यांतून यायचं आणि मोजून मिळायचं. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या संशोधन संस्थेनं इथं खारं पाणी उन्हावर गोडं करायचा मोठा प्रयोग उभा केला. काचेच्या उतरत्या छपराखाली उथळ हौद, त्यात खारं पाणी, ऊन त्याची वाफ करणार, काचेवर थेंब जमणार आणि पन्हळीतून ओघळणार. कल्पना किती सुंदर! ज्यानं तहान लावली त्यालाच पाणी भरायला लावायचं. पण धूळ, फुटक्या काचा आणि हातावर मोजण्याइतकं पाणी, यांत तो प्रयोग टिकला नाही. आता गावापासून चोवीसेक किलोमीटरवरच्या बोअरचं खारं पाणी नळानं येतं आणि पडद्यांतून गाळून गोडं केलं जातं. चव ठीकठाक. किंमत मात्र आजोबांच्या कपाळावरच्या आठीत दिसते. गावात गोल्फचं मैदान आहे, त्यावर गवताचं पातं नाही. खेळाडू नकली गवताचा छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरतात, चेंडू त्यावर ठेवून मारतात. उन्हाळ्यात रात्री, चमकणाऱ्या चेंडूंनी खेळतात.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यात अडकलो ती गोष्ट या हवामानाहून पुष्कळ जुनी आहे. ज्या दगडात ही घरं कोरली आहेत तो समुद्राच्या तळाचा गाळ आहे. अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वी इथं एरोमांगा नावाचा समुद्र पसरलेला होता, तोही बर्फगार. तेव्हा ऑस्ट्रेलिया दक्षिण ध्रुवाला खेटून होता. या गाळात मधूनच मोठे धोंडे सापडतात. आजूबाजूच्या कुठल्याच दगडाशी न जुळणारे. तरंगत्या बर्फाबरोबर ते वाहत आले आणि बर्फ वितळल्यावर तळाशी बसले, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. आज जिथं ४४ अंशांत माझे ओठ फुटत होते, तिथं एके काळी बर्फ तरंगत होतं! त्या समुद्रात प्लेसिओसॉर कुळातले सरपटणारे प्राणी पोहत. १९८७ मध्ये इथल्या एका खाणीत अशाच एकाचा सांगाडा सापडला, हाडंन् हाडं ओपल झालेली. 'एरिक' असं त्याचं लाडकं नाव पडलं, तो परदेशी विकला जाऊ नये म्हणून लोकांनी वर्गणी काढली आणि आता तो सिडनीच्या संग्रहालयात आहे.

समुद्र आटला, पुढं जमीन लाखो वर्षं झिजत राहिली. झिजणाऱ्या दगडातली सिलिका पाण्यात विरघळून खाली झिरपली, भेगांत, पोकळ्यांत, मेलेल्या प्राण्यांच्या हाडांच्या जागी साचली. मुलूख कोरडा होत गेला तशी ती घट्ट झाली. सिलिकेचे अतिसूक्ष्म गोल एकसारख्या आकाराचे आणि शिस्तीत रचलेले असतील तर प्रकाश त्यांच्यात फुटतो आणि रंग खेळतात. शिस्त नसेल तर तो नुसता करडा दगड, त्याला इथं पॉच म्हणतात आणि कुणी उचलत नाही. आजोबांनी खिशातून एक खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला, दिव्याखाली जरासा कलता केला, आणि दुधी पांढऱ्यातून हिरवी ठिणगी एका कडेकडून दुसऱ्या कडेला पळाली. मग नारिंगी. "यात पाणी आहे बरं का," ते म्हणाले. खरंच असतं. ओपलच्या वजनात काही टक्के पाणी असतं, गेल्या युगात अडकून पडलेलं. इतक्या कोरड्या गावाची बरीचशी कमाई पाणी धरून बसलेल्या दगडावर चाललेली.

पाऊस येतो तेव्हा काय होतं हेही त्यांनी सांगितलं. २०२२ च्या जानेवारीअखेर तो आला. वाळवंटाच्या जमिनीला पाणी पिऊन टाकायची सवय नसते, ते वरच्या वर पसरतं. स्टुअर्ट महामार्ग पाण्याखाली गेला, दक्षिणेकडून येणारे मालट्रक अडकले, दुकानांतली फडताळं रिकामी झाली. शेवटी हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानानं वीस टन अन्नधान्य आणून उतरवलं. पावसानं उपाशी ठेवलेलं वाळवंट! आजोबांच्या घरात हवेच्या नळीतून पाणी आलं, थेट पलंगावर. त्यांनी बादली ठेवली आणि ते पाणी टाकून दिलं नाही, बायकोच्या कुंडीत घातलं. नंतर काही आठवड्यांनी माळावर स्टर्ट्स डेझर्ट पी फुलल्या, लालभडक, मधोमध काळा डोळा. हे सांगताना त्यांचा स्वर बदलला. मला तो स्वर ठाऊक आहे, आमच्याकडं पहिला पाऊस झाल्यावर फोनवर सगळे त्याच स्वरात बोलतात. यांना तो काही वर्षांतून एकदाच लावायला मिळतो.

निघताना मी त्यांच्याकडून एक छोटा खडा घेतला, मावशीसाठी. तिचा शुक्र बिघडलाय असं गुरुजींनी सांगितलेलं, हिरा परवडत नाही, मग ओपल चालतो म्हणे. ज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण मावशीवर आहे. तिनं तो चंद्रपुरात सराफाकडं चांदीत बसवून घेतला. सराफानं अंगठी हातात देताना बजावलं, "ताई, फार उन्हात जाऊ नका. हा खडा सुकला तर तडकतो." मावशीचा लगेच मला फोन, एप्रिल महिना, मागं कूलरची धडधड ऐकू येत होती. "अरे, उन्हात जायचं नाही म्हणजे काय? मी राहते कुठं?"